घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप: ऑनलाइन टाकू की डिस्क घेऊ?

ग्राफवाला (सोलापूर, पूर्व भाग):
नमस्कार मंडळी. मी चादरी-टॉवेलची जॅकार्ड डिझाइनं, म्हणजे विणतानाच कापडात उमटणारी नक्षी, काढतो. ऑफिस वगैरे काही नाही. वरच्या पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटर, खाली चार माग. माग सुरू झाले की टेबलावरच्या चहात लाटा उठतात. मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर आणि सुताची धूळ बारा महिने. हार्ड डिस्क सहा वर्षं टिकली हेच नवल. गेल्या मंगळवारी आतून टक-टक-टक आवाज आला आणि विषय संपला. दुरुस्तीवाला म्हणतो, पुण्याला पाठवावी लागेल, वीस हजार धरून चाला, डेटा मिळेलच असं नाही.

वडिलांनी चौकोनांच्या कागदावर हातानं रंगवलेले डिझाइनचे ग्राफ मी स्कॅन करून ठेवले होते. मूळ कागद कधीच वाळवीनं खाल्ले. मोराच्या चादरीचा ग्राफ तेवढा जुन्या पेनड्राइव्हवर सापडला. बाकी गिऱ्हाइकांना मेल केलेल्या फायली, भावाकडची कॉपी, मोबाइलमधले फोटो असं गोळा करून नव्या डिस्कवर ४०० जीबी जमलंय.

मुलगी म्हणते, "पप्पा, सगळं ऑनलाइन, गूगल ड्राइव्हवर टाका, डोक्याला ताप नाही." मला दर महिन्याला भाडं भरायचं जिवावर येतं. २ टीबीची बाहेरची डिस्क एकदा घेतली की सुटलो, असं माझं मत. घरात दोन दिवस हाच वाद चाललाय.

सातरस्ता:
मालक, आधी चढवायचा हिशोब करा. जाहिरातीत सांगतात तो स्पीड बहुतेकदा डाउनलोडचा असतो. अपलोडला १० एमबीपीएस मिळाला तर ४०० जीबीला जवळपास ९० तास लागतात, म्हणजे पावणेचार दिवस. तुमच्याकडे पावणेचार दिवस सलग लाईट राहिली तर चार पुतळ्यापाशी पेढे वाटतो.

बाकी तुमची डिस्क बरोबर. पण मागावर ठेवू नका की ओ!

रोजमेळ:
मी एका कारखान्यात हिशोब बघायचो. तिथं बॅकअपची डिस्क होती, पण ती वर्षभर कॉम्प्युटरलाच लावलेली. एका मेलमधून रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, शिरला. सकाळी येऊन बघतो तर कॉम्प्युटर लॉक आणि डिस्कसुद्धा लॉक. मालकानं बिलं चुलत्याच्या वहीवरून परत भरली, तीन आठवडे मी घरी जेवायला वेळेवर गेलो नाही. डिस्क लावा, कॉपी करा, काढा, कपाटात टाका. आणि कपाट दुसऱ्या घरातलं असलं तर फार उत्तम. वरून पाणी गळालं, चोरी झाली, तर कॉम्प्युटर आणि डिस्क एकत्रच जायची.

आजी_ऑनलाइन:
मुलीला एवढं सांगा की फोल्डर सिंक करणं, म्हणजे दोन्हीकडे आपोआप सारखंच ठेवणं, हा बॅकअप नव्हे. मी मोबाइलमध्ये जागा करायला नातवाच्या बारशाचे फोटो ड्राइव्हमधून उडवले. ते कॉम्प्युटरवरच्या सिंक फोल्डरमधूनही गेले. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहतात, मला कळलं दोन महिन्यांनी. सुनेला अजून सांगितलेलं नाही.

ग्राफवाला:
सगळ्यांचे आभार. रोजमेळ, तुमचं वाचून आधी डिस्क काढून कपाटात ठेवली, मग जेवलो.

काल रात्री एकेका फोल्डरवर राइट क्लिक करून साइझ बघितली. हसाल. ज्यावर पोट चालतं ती सगळी डिझाइनं, स्कॅन धरून, ९ जीबी! उरलेलं ३९१ जीबी म्हणजे लग्नांचे व्हिडिओ, गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे आणि मेहुण्यानं पाठवलेली गुड मॉर्निंग. दोन दिवस आम्ही बापलेक ४०० जीबीवर भांडत होतो.

म्हणजे डिझाइनं गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत बसतात. माझ्या खात्यात नाही, तिथं मेल आणि फोटोंनी जागा खाल्लीय, ती पण त्याच १५ मध्ये धरतात. म्हणून मुलीनं वेगळं खातं काढून दिलं. सगळं मिळून, जत्रा-पाळण्यांसकट, डिस्कवर. दर शनिवारी कामगारांचा हिशोब झाला की कॉपी करायची. दुसरी एक डिस्क घेऊन जुळे सोलापुरात अक्काकडे ठेवणार. तिच्याकडे जाणं होतंच, शेंगाचटणी आणायला.

रोजमेळ:
नव्या खात्यात अधूनमधून लॉगिन करत जा. दोन वर्षं हात लावला नाही तर गूगल खातं बंद करून आतलं सगळं पुसू शकतं. आणि एखादी फाइल परत काढून उघडून बघितली का? कॉपी झाली म्हणजे उघडेलच असं नाही.

ग्राफवाला:
आत्ताच बघितली. मोराची फाइल ड्राइव्हवरून मुलीच्या लॅपटॉपवर उतरवली. उघडली. तिसऱ्या पिसातला एक चौकोन वडिलांनी रंगवायचा सोडला होता, तोही तसाच कोरा आहे.

सातरस्ता:
९ जीबी चढायला किती वेळ लागला, मालक?

ग्राफवाला:
सव्वादोन तास. मधे एकदाच लाईट गेली. पेढ्यांचं काय करायचं?