बँक बुडते तेव्हा ठेवीदाराचे नेमके काय बुडते?

मास्तरांचा मुलगा, अमळनेर

एखादी बँक अडचणीत आली की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. ‘पाच लाखांपर्यंत काळजी नाही’ हे पहिले आणि ‘जास्त व्याजाला भुललात, आता भोगा’ हे दुसरे. मला दोन्ही अपुरी वाटतात.

आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतले आठ लाख चाळीस हजार रुपये तालुक्यातल्या एका अर्बन बँकेत ठेवले होते. ही 2020 पूर्वीची गोष्ट आहे. एका सकाळी शाखेच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांची सूचना डकवलेली दिसली : सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. त्यानंतर दोन महिन्यांनी पावतीची मुदत संपली, तेव्हा नाना नूतनीकरणासाठी शाखेत गेले, कारण मध्ये दिवस गेले तर व्याज तुटेल अशी त्यांना भीती होती. शाखाधिकारी त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने पावती उलटी करून मागे पेन्सिलने तारीख लिहून दिली आणि ‘सर, राहू द्या’ एवढेच तो म्हणाला.

बँक बुडाली तर ठरावीक मर्यादेपर्यंत ठेव परत देणारा ठेव विमा असतो, पण त्या काळी त्याची रक्कम बँक अवसायनात निघाल्यावरच, म्हणजे ती कायमची बंद करून देणी फेडायला काढल्यावरच, मिळत असे. तीन वर्षे निर्बंध वाढत राहिले, मग परवाना रद्द झाला आणि हाती एक लाख आले. ही एक लाखाची मर्यादा 1993 मध्ये ठरलेली होती आणि ती पाच लाख झाली 4 फेब्रुवारी 2020 रोजी. सत्तावीस वर्षांत शिक्षकाचा पगार, सोन्याचा भाव, ठिबकचा खर्च, सगळे बदलले, पण संरक्षणाचा आकडा तेवढाच राहिला. म्हणून माझे म्हणणे असे की सामान्य माणसाच्या निवृत्तीच्या ठेवीला पूर्ण संरक्षण हवे. ठेव ही नुसती रक्कम नसते, तिच्यावर तारीख असते. आमच्या पावतीच्या तारखेला बहिणीच्या लग्नाची तारीख जोडलेली होती.

लेखापाल, धुळे

आपल्या वडिलांबद्दल मनापासून वाईट वाटते, तरीही आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

ठेव विमा फुकट नाही. 2020 पासून शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला 12 पैसे हप्ता बँका भरत आल्या. वर्षानुवर्षे हा दर नीट चालणाऱ्या आणि डबघाईला आलेल्या बँकेला सारखाच राहिला, म्हणजे शिस्तीने चालणाऱ्यांनी बेशिस्तांचा भार वाहिला. जोखमीनुसार वेगवेगळा हप्ता लावण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये जाहीर केला, तो याच कारणाने योग्य आहे. सगळ्या ठेवींना पूर्ण हमी दिली, तर कर्जे कोणाला वाटली जातात हे कोणीच पाहणार नाही. ज्या बँकेचा व्याजदर अर्धा टक्का जास्त, तिच्याकडे रांग लागेल आणि नेमक्या तशाच बँका अधिक बेफिकीर होतील.

शिवाय कायदाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. 2021 च्या दुरुस्तीनुसार निर्बंध लागल्यापासून साधारण 90 दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेवीदाराला मिळायची असते : बँकेने 45 दिवसांत यादी द्यायची, ठेव विमा देणाऱ्या महामंडळाने 30 दिवसांत ती तपासायची आणि पुढच्या 15 दिवसांत पैसे द्यायचे. मार्च 2024 अखेर देशातील 97.8 टक्के खाती या मर्यादेत पूर्णपणे बसत होती. उरलेल्या मोठ्या ठेवीदारांनी पैसे दोन-तीन बँकांत विभागून ठेवावेत; एवढी दक्षता मागणे अन्यायाचे नाही.

केळीवाला, रावेर

खात्यांची टक्केवारी फसवी असते, लेखापाल साहेब. त्या 97.8 टक्क्यांत माझ्या नातवाचे तीनशे रुपये शिल्लक असलेले खातेही मोजलेले आहे. रकमेने पाहिले तर त्याच वेळी विम्याखाली जेमतेम 43 टक्के ठेवी होत्या.

विभागून ठेवण्याबद्दलही सांगतो. मर्यादा प्रत्येक बँकेला वेगळी असते, शाखेला नव्हे. मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख. आमच्याकडे केळीचे पैसे व्यापाऱ्याकडून एकदम येतात आणि गावात शाखा एकच असते. दोन पावत्या वेगळ्या केल्या म्हणजे संरक्षण दुप्पट झाले, अशी समजूत असलेली किमान दहा माणसे मला ठाऊक आहेत. हे काउंटरवर त्यांना कोण सांगते?

पापडवालीची भाची, भुसावळ

वरच्या चर्चेत एक मोठा वर्ग सुटतो आहे, तो म्हणजे पतसंस्थांचे ठेवीदार. जळगाव जिल्ह्यात हा विषय नवा नाही. जळगावात मुख्यालय असलेल्या बीएचआर या मल्टिस्टेट पतसंस्थेत अडकलेल्या ठेवी अनेक राज्यांतल्या होत्या आणि तिच्यावर 2015 मध्ये अवसायक नेमावा लागला.

माझी मावशी पापड लाटून विकते. एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दारात येऊन शंभर रुपये घेई आणि छोट्या यंत्रातून पावती काढून देई. मावशी त्या संस्थेला शेवटपर्यंत ‘बँक’च म्हणाली. संस्थेला टाळे लागले तेव्हा कळले की ठेव विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही; तिथे पाच लाख काय, पाच रुपयांचेही संरक्षण नव्हते. ती पिठाच्या डब्यात ठेवलेल्या पावत्या घेऊन संस्थेच्या कार्यालयात जाई आणि एकच विचारी, ‘मना पैसा कवय भेटतीन?’ (माझे पैसे कधी मिळतील?) तिला मोह जास्त व्याजाचा नव्हता, घरी येणाऱ्या माणसाचा होता. राष्ट्रीयीकृत बँकेत शंभर रुपये भरायला जायचे म्हणजे तिचा अर्धा दिवस जायचा. लेखापाल साहेबांची दक्षता इथे कशी लागू करायची?

लेखापाल, धुळे

पतसंस्थांबाबत आपले म्हणणे मान्य आहे. तिथे ठेवीदाराकडून दक्षतेची अपेक्षा करण्याआधी फलकावर ‘ही बँक नाही, येथील ठेवींना विमा नाही’ असे ठळक अक्षरांत लिहायला लावले पाहिजे. मात्र बँकांच्या बाबतीत माझे मत कायम आहे. ज्यांना जोखीम नको, त्यांच्यासाठी पोस्ट आहे. मासिक उत्पन्न योजनेत एका नावावर नऊ लाख, संयुक्त खात्यात पंधरा लाख आणि ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत तीस लाखांपर्यंत रक्कम सरकारी हमीने ठेवता येते.

निवृत्त शाखाधिकारी, शहादा

मी तीस वर्षे सहकारी बँकेत काढली, म्हणून आतली एक गोष्ट सांगतो. सहकारी बँकेचे संचालक निवडतो तो भागधारक सभासद. कर्ज घ्यायचे तर भाग घ्यावे लागतात, त्यामुळे कर्जदाराला मत असते. नुसत्या ठेवीदाराला ते नसते. पैसा ज्याचा, त्याला मत नाही आणि घेणारा मतदार, अशा घरात दक्षता कोणी बाळगायची?

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे (पीएमसी) उदाहरण पाहा. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध लागले तेव्हा तिच्या कर्जांपैकी सुमारे 73 टक्के एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि हे लपवण्यासाठी बनावट खाती दाखवलेली होती. तिथे ठेवीदाराने ताळेबंद वाचला असता तरी त्याला काय दिसले असते? त्याउलट मार्च 2020 मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, स्टेट बँक आणि इतर बँका भांडवल घेऊन धावल्या आणि दोन आठवड्यांच्या आत व्यवहार सुरळीत झाले. पीएमसीच्या मोठ्या ठेवीदारांना मात्र 2022 च्या विलीनीकरणानंतर दहा वर्षांपर्यंतचे हप्ते बांधून मिळाले. बँक किती मोठी आहे, यावर तुमच्या पैशाला किती दिवस लागणार ते ठरते.

मास्तरांचा मुलगा, अमळनेर

शाखाधिकारी साहेब, मताचा मुद्दा मी कधी ऐकलाच नव्हता. पूर्ण संरक्षणाचा माझा आग्रह मी थोडा खाली आणतो : साठी ओलांडलेल्यांच्या निवृत्तीच्या रकमेला तरी वेगळी, वाढीव मर्यादा असावी आणि ती ठरावीक वर्षांनी महागाईनुसार आपोआप वाढावी. पुन्हा सत्तावीस वर्षे थांबायची तयारी नाही.

ही चर्चा सुरू झाल्यावर मी परवा आमच्या सध्याच्या बँकेत गेलो आणि लेखापरीक्षणाचा वर्ग (हिशेब तपासणीत बँकेला मिळालेली श्रेणी) व थकीत कर्जांचे प्रमाण विचारले. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि निघताना नव्या वर्षाचे कॅलेंडर हातात ठेवले. आकडे मात्र वार्षिक सभेत मिळतील म्हणाले. मी सभासद नाही.