प्रतिसाद: नागलीची भाकरी आणि लपलेला गहू

गहू बंद करूनही सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला सूज आणणारा आजार) असलेल्या मुलीचं पोट दुखतं आणि नागलीची (नाचणीची) भाकरी तुटते, असं तुम्ही लिहिलंय. आधी दुखण्याचं बघा. गिरणीत गव्हाच्या मागोमाग नागली दळली की जात्यातलं गव्हाचं पीठ तुमच्या डब्यात येतं. सिलिअ‍ॅकला तेवढंही पुरतं. घरघंटी घ्या, पण तिच्यात गहू कधीच नको. दुसरा चोर हिंग! डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठातला किंवा पीठ न मिसळलेला शुद्ध हिंग आणा. ओवा-जिऱ्याच्या पाण्याने गॅस उतरेल, पण आतड्याची सूज नाही. त्यासाठी ग्लूटेन पूर्ण बंदच हवं.

आता भाकरी. पेठ-सुरगाण्याची नागली छान, पण पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच दळा. वाटीभर पाणी, चिमूट मीठ, खळखळ उकळी. वाटीभर पीठ घालून गॅस बंद, दहा मिनिटं झाकण. उकड गरम असतानाच तळहाताने रगडून मळा, गार झाली की कडा फाटतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटा.

भावंडांची तपासणी राहिली असेल तर त्यांचा गहू रक्ततपासणीआधी बंद करू नका, निदान चुकतं.