अनुभव धागा : छोटा फुटबॉल क्लब चालवायचा तर समर्थकांनी काय करायचं?

कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं घेतली की शाहू स्टेडियमची भरलेली गॅलरी डोळ्यांपुढं येते. हा धागा त्यांच्यासाठी नाही. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) खालच्या डिव्हिजनमध्ये खेळणाऱ्या क्लबांबद्दल इथं बोलायचं आहे. तालमीचं नाव, वीसेक पोरं, एक किटबॅग आणि गल्लीतले शंभरभर समर्थक एवढ्या बळावर ते हंगाम निभावतात. असे क्लब बहुतेकदा जूनमध्ये बंद पडतात. हंगाम संपलेला असतो, देणी राहिलेली असतात आणि पुढच्या नोंदणीला पैसे उभे करायला कुणी पुढं येत नाही. फायनलच्या आठवणी दुसरीकडं भरपूर निघतात. इथं कामाचं लिहा : काय लागतं, किती लागतं, कुठं बिघडतं.

खतावणी

पैशापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर अडतं.

आपल्याकडं एकच तालीम गणपती बसवते, शिवजयंती करते आणि फुटबॉलचा संघही उतरवते. पावतीपुस्तक एकच असतं. गणपतीची वर्गणी बुटांत जाते, जर्सीचे पैसे मांडवात जातात, आणि एप्रिलमध्ये कुणालाच सांगता येत नाही की फुटबॉलला खर्च किती आला. म्हणून फुटबॉलची खतावणी वेगळी ठेवा. जमलं तर त्याच नोंदणीकृत संस्थेच्या नावावर दुसरं बँक खातं काढा आणि सही दोघांची ठेवा. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. सेक्रेटरीच्या मोबाईलवर वर्गणी घेतली की माणूस कितीही सरळ असला तरी वर्षाच्या शेवटी संशय येतोच, आणि संशय आला की वर्गणी थांबते.

दुसरी अडचण धर्मादाय कार्यालयातली. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद असलेल्या मंडळाची कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. बरीच मंडळं नवी बॉडी निवडतात, हार घालतात आणि अर्ज विसरतात. मग बँक सही बदलून देत नाही. जुना खजिनदार नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो आणि खेळाडू नोंदणीच्या नेमक्या आठवड्यात खातं अडकतं. निवड झालेल्या सभेतच ठरावाची नक्कल काढून घ्या, नंतर सगळ्यांच्या सह्या मिळत नाहीत.

वर्गणी वर्षाची एकदम मागू नका, महिन्याची मागा. शंभर जणांनी महिना शंभर रुपये दिले तर वर्षाला १,२०,००० होतात, आणि हा पैसा पावसाळ्यातही येत राहतो. खर्चाचा क्रम असा : नोंदणी आणि दंड, बॉल, औषधपेटी, मैदान, किट, आणि उरलं तर मानधन. स्पर्धेचं बक्षीस जमेत धरू नका. ते आलं तर कुणाचा किती वाटा हे पहिल्या सामन्याआधी लिहून भिंतीला लावा. जिंकल्याच्या रात्री वाटणी ठरवायला बसलेले संघ फुटलेले आहेत.

फक्कीवाला

खतावणींनी मैदान चौथ्या नंबरला टाकलं. माझ्या मते ते दुसरं हवं.

सरावाचं मैदान आपल्या मालकीचं नसतं. गांधी मैदान सखल आहे, पाऊस झाला की पाणी साचतं. मेरी वेदर मैदानावर प्रदर्शनं, मेळावे होतात. मांडव निघाला की खिळे, तारांचे तुकडे आणि खांबांचे खड्डे मागं राहतात. अशा मैदानावर पहिल्या दिवशी पोरांना पळवू नका. जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांधायचं आणि चौघांनी ओळीत चालत मैदान झाडून काढायचं. चुंबकाला जे लागतं ते बघितलं की पुढच्या वेळी सांगावं लागत नाही. खड्ड्यात नुसता मुरूम टाकला तर तो आठवड्यात खचतो. थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसायचं, मग वरचा थर.

आता आखणी. १०० बाय ६४ मीटरचं मैदान घेतलं तर सगळ्या रेघा मिळून जवळजवळ ७०० मीटर होतात. काटकोन डोळ्यांनी काढू नका. कोपऱ्यातून एका बाजूला ९ मीटर, दुसऱ्या बाजूला १२ मीटर मोजा. त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर १५ मीटर आलं तर कोपरा काटकोनात आहे. ३-४-५ च्या लहान मापानंही होतं, पण तिथली दोन बोटांची चूक टोकाला जाऊन हातभर होते. शेवटी दोन्ही कर्ण ताणून बघा, दोन्ही ११८ मीटर ७३ सेंटिमीटरच्या आसपास आले पाहिजेत. टेप कापडी असेल तर तो ताणला जातो, म्हणून ताणणारे दोघं आखणी संपेपर्यंत तेच ठेवा.

रेघ १२ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. रेघा मारायची फक्की दुकानातून घेताना ती विरलेल्या चुन्याचीच आहे ना, हे विचारून घ्या. कळीचा चुना कुटून टाकणारे आहेत. घाम आणि पाणी लागलं की तो कातडी भाजतो, आणि स्लाइड टॅकलमध्ये डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. वारं असेल तर फक्की सकाळी लवकर मारा.

हलवता येणारे गोलपोस्ट मागून खिळल्याशिवाय किंवा वाळूची पोती ठेवल्याशिवाय उभे करू नका. बारकी पोरं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि पोस्ट पुढं पडतो. जगभर यात मुलं दगावली आहेत. सराव संपला की पोस्ट आडवा करायचा, मग कुणी कितीही घाईत असो.

गॅलरी_बी

आम्ही समर्थक क्लबला सगळ्यात जास्त देतो, आणि सगळ्यात महागातही आम्हीच पाडतो. हुल्लडबाजीचा दंड क्लबच्या खात्यातून जातो. खालच्या डिव्हिजनच्या क्लबाला असे दोन दंड बसले तर बॉलचे पैसे गेले.

भांडणाची सुरुवात हल्ली गॅलरीत होत नाही, मोबाईलवर होते. सामन्याच्या आदल्या रात्री डिवचणारं स्टेटस, मग त्याला उत्तराची रील, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची पोरं तयारीनंच येतात. म्हणून क्लबच्या नावाचं पेज दोघांच्याच हातात द्या. सामन्याआधी फक्त वेळ आणि संघ टाकायचा, सामन्यानंतर फक्त निकाल. समोरच्या पेठेचं नावसुद्धा घ्यायचं ते आदरानं.

गॅलरीत दर वीस माणसांमागं एक जाणता माणूस बसवा. पोरं ज्याला दादा म्हणतात असाच तो हवा, पदाधिकारी नको, कारण पदाधिकाऱ्याचं कुणी ऐकत नाही. प्लास्टिकच्या भरलेल्या बाटल्या आत नकोत, झेंड्याला बांबू नको, पोकळ पाइप चालतो. हलगी चालेल, शिट्टी अजिबात नको. प्रेक्षकाच्या शिट्टीनं खेळात व्यत्यय आला असं पंचाला वाटलं तर तो खेळ थांबवतो आणि ड्रॉप बॉलनं, म्हणजे बॉल हातातून खाली सोडून, पुन्हा सुरू करतो. आपला फॉरवर्ड गोलसमोर एकटा असताना आपल्याच गॅलरीतून शिट्टी वाजली तर गेलं सगळं.

पंचाशी बोलायचं ते कॅप्टननं. तक्रार असेल तर स्पर्धेच्या नियमात दिलेल्या मुदतीत, लेखी आणि फी भरून. व्हिडिओ काढणारा एक माणूस ठरवून ठेवा आणि त्याला मधल्या रेषेच्या समोर वरती बसवा. गोलमागून काढलेल्या व्हिडिओत ऑफसाइडचं काही कळत नाही.

डावा_विंगर

बाहेरच्या खेळाडूंवर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. बाहेरगावचा किंवा परदेशी खेळाडू आणायला माझा विरोध नाही. त्यामुळं कोल्हापूरच्या फुटबॉलची लय वाढली, पोरांना ताकदीच्या स्ट्रायकरसमोर उभं राहायची सवय झाली. पण छोट्या क्लबानं कागद बघितल्याशिवाय शब्द देऊ नये.

परदेशी खेळाडूचं आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं. व्हिसा कोणता आहे ते स्वतः वाचा, पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला मानधन देऊन खेळवता येत नाही. तो ज्या खोलीत राहतो त्या घरमालकानं २४ तासांत त्याची माहिती सरकारकडं ऑनलाइन भरायची असते (पूर्वीचा सी फॉर्म). क्लबनं खोली घेऊन दिली असेल तर हे काम झालं का हे क्लबनंच बघायचं. देशातल्या खेळाडूची एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडू नोंदणीच्या ऑनलाइन यंत्रणेत, आधीची नोंद कुठल्या क्लबवर आहे ते तपासा. अपात्र खेळाडू उतरवला तर जिंकलेला सामनाही हातातून जातो.

खतावणी

डावा विंगर, कागदाचं बरोबर, पण मुळात परवडतं का? एका बाहेरच्या खेळाडूचं मानधन, खोली आणि जेवण यात चौदा वर्षांखालचा अख्खा संघ वर्षभर चालतो. तो खेळाडू मेमध्ये जातो, पोरं मात्र इथंच राहतात. वरच्या डिव्हिजनला चढायची खरी संधी असेल त्याच वर्षी एक खेळाडू आणावा, आणि त्याचे पैसे वेगळ्या वर्गणीतून उभे करावेत. महिन्याच्या वर्गणीला हात नको.

डावा_विंगर

हे पटलं. त्यातच एक जोडतो. पोरांची सीआरएस नोंद बाराव्या वर्षापासून करत जा. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, म्हणजे इथून पोरं वर जातात हे उघड आहे. फिफाच्या नियमात बारा वर्षांपुढं घडवणाऱ्या क्लबांना मोबदल्याची तरतूद आहे. ती लागू व्हायच्या अटी बऱ्याच आहेत, पण पोरगं तुमच्याकडं होतं याची नोंदच नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर? जन्मदाखला मूळ बघा, आधारवरच्या तारखेवर विसंबू नका. आणि नोंद करताना पालकांना समोर बसवा.

बर्फाची_पिशवी

औषधपेटीत स्प्रे भरपूर आणि कामाचं काही नाही, असं सगळीकडं असतं. पेटीत एवढं हवं : क्रेप बँडेज १० सेंटिमीटरचे चार, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, ओआरएसची वीस पाकिटं आणि बर्फासाठी थर्मासचा डबा. घोटा मुरगळला तर बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, थेट कातडीवर नाही. स्प्रेनं दुखणं बधिर होतं, पोरगं परत पळतं आणि अर्धवट तुटलेलं लिगामेंट पूर्ण तुटतं.

डोक्याला मार बसून खेळाडू गोंधळला, स्कोअर विसरला, उलटी झाली, तर त्या दिवशी तो परत मैदानात जात नाही. गॅलरीनं इथं साथ द्यायची, ‘उठ की रे’ म्हणून ओरडायचं नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावायला एकाला सांगा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात करा : मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय जवळ आहे म्हणून रिक्षात घालून पळवणं चुकीचं, कारण वाटेत दाब थांबतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारचा पहिला सामना असेल तर अठरा खेळाडूंना २० लिटरचे दोन जार लागतातच. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्धं अर्धं नाही. पाण्यासाठी थांबायची सोय नियमात आहे, दोन्ही कॅप्टननी सामन्याआधी पंचांना विनंती करावी.

मुलींच्या_संघाची_ताई

थोडक्यात लिहिते. मुलींचा संघ टिकत नाही त्याचं कारण खेळ नाही, संध्याकाळी साडेसातला संपणारा सराव आहे. सराव सहाला संपवा. कपडे बदलायला कुलूप लागणारी खोली आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह आधी बघा, मग मैदान ठरवा. चड्डी पांढरी नको, गडद रंगाची हवी. मुलांच्या जुन्या जर्सी मुलींना देऊ नका, खांदे उतरतात आणि पोरी सारख्या ओढत बसतात.

शिकाऊ_मॅनेजर

सगळ्यांचं वाचलं, वहीत उतरवून घेतलं. फक्कीवाले काका, बॉल आणि जाळी पावसाळ्यात कशी ठेवायची तेवढं सांगा. आमच्या तालमीच्या माळ्यावर ओल येते.

फक्कीवाला

माळ्यावर ठेवूच नका. बॉलमधली निम्मी हवा काढायची, पण पूर्ण चपटा करायचा नाही, चपटा केला की आतलं ब्लॅडर घडीवर चिरतं. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवायचे आणि जाळीच्या पिशवीत भिंतीपासून दूर टांगायचे. हवा भरताना सुई आधी ग्लिसरीनमध्ये बुडवा. कोरडी सुई घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो आणि बॉल रोज थोडा थोडा बसतो. दाब साडेआठ ते साडेपंधरा पीएसआयच्या मध्ये, पण बॉलवर छापलेला आकडा पहिला मानायचा. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना ४ नंबरचा बॉल, ५ नंबर नाही.

जाळी धुऊन पूर्ण वाळल्यावरच गुंडाळा. जुन्या साडीत बांधून उंच टांगा, पोत्यात ठेवली तर उंदीर कुरतडतात. फाटलेले घर त्याच जाडीच्या नायलॉन दोरीनं लगेच विणून घ्या, कारण डिसेंबरात पहिल्या सामन्याच्या सकाळी दोरी मिळत नाही. आणि पोस्टचे खिळे, पाने, टेप, फक्कीचं यंत्र हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत, झाकणाच्या आतून यादी चिकटवून. पेटीची किल्ली दोघांकडं ठेवा.