२००९ची भीती अगदीच खोटी नव्हती

‘२००९चा स्वाइन फ्लू म्हणजे नुसता बागुलबुवा होता’ असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. १९१८च्या फ्लूच्या साथीसारखा संहार झाला नाही, हे खरं. पण देशातला पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ ला आपल्या पुण्यातच गेला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. त्याच आठवड्यात मी तापाने फणफणलेल्या लेकीला कडेवर घेऊन तपासणीच्या रांगेत उभा होतो. आईने जुनं सुती पातळ फाडून तिला मास्क शिवला होता, गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी.

तशा संहाराची भाकितं चुकली, त्याचं एक कारण सहसा कुणी सांगत नाही. आई तेव्हा सत्तरीपुढची. रात्रभर नातीच्या उशाशी बसली, तिला साधी शिंकही आली नाही. स्वाइन फ्लूचा विषाणू एच१एन१ या फ्लूच्या कुळातला, आणि १९१८ ते १९५७ त्याच कुळातले विषाणू फिरत होते, त्यामुळे त्या काळात वाढलेल्या अनेकांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती शिल्लक होती. एरवी फ्लू म्हाताऱ्यांना गाठतो. त्या वर्षी झळ लागली ती तरण्याताठ्यांना, लेकरांना आणि गरोदर बायकांना. ज्यांच्या घरातलं असं माणूस गेलं, त्यांना बागुलबुवा म्हणून कसं सांगायचं?