एदो शहराची काटकसर : निसर्गप्रेम की रोकडा व्यवहार?

चर्चाप्रस्ताव : दौतलेखणी

जपानच्या एदो काळाविषयी, म्हणजे १६०३ ते १८६८ या तोकुगावा राजवटीविषयी, मराठीत अलीकडे जे लेख वाचायला मिळतात, त्यांतील बहुतेकांत एक ठरलेले चित्र असते. अठराव्या शतकात दहा लाखांच्या घरात पोहोचलेले एदो शहर (आजचे टोकियो), तेथे कागदाचा कपटाही वाया जात नसे, फाटक्या छत्रीलाही पुन्हा कागद चढत असे, आणि हे सारे म्हणे जपानी माणसाच्या अंगी उपजत असलेल्या निसर्गप्रेमातून घडत असे. यातील वस्तुस्थितीविषयी माझी फारशी तक्रार नाही. आक्षेप आहे तो त्यामागे चिकटवलेल्या कारणाला. एदोत वस्तू टाकल्या जात नसत याचे साधे कारण असे, की त्यांना गिऱ्हाईक होते.

सर्वांत ठळक उदाहरण मैल्याचे आहे. कारागीर, फेरीवाले आणि हमाल ज्या नागायांत राहत, त्या आपल्या बैठ्या चाळींची आठवण करून देणाऱ्या होत्या. त्यांतील नेहमीची खोली सुमारे २.७ मीटर रुंद आणि ३.६ मीटर खोल असे. दारातून आत पाऊल टाकताच मातीची जमीन, तिथेच चूल आणि पाण्याचे भांडे. पलीकडे साडेचार तातामी चटयांची जागा, आणि त्यातच कुटुंबाचे निजणे, उठणे, जेवणे आणि हातकाम. विहीर, कचऱ्याची जागा आणि संडास सामाईक. या संडासातील मैला म्हणजे घरमालकाचा कारभार पाहणाऱ्या ओयाचे हक्काचे उत्पन्न होते. वर्षअखेरीस ओयाच्या घरी जी मोची, म्हणजे चिकट तांदळाची वडी, कुटली जाते ती भाडेकरूंच्या ढुंगणांच्या जोरावर, अशा अर्थाची एक सेनर्यू, म्हणजे चिमुकली विनोदी कविता, त्या काळात प्रचलित होती.

ओसाकात हा व्यवहार आणखी बारीक होता. तेथे विष्ठेवर घरमालकाचा हक्क, तर मूत्रावर भाडेकरूचा! १७२४ साली यामाझाकी आणि ताकात्सुकी या भागांतील गावांमध्ये शहरातील कोणत्या मोहल्ल्याचा मैला कोणी उचलायचा यावरून भांडण जुंपले. १७८९-९० च्या सुमारास एदोभोवतीच्या मुसाशी आणि शिमोसा प्रांतांतील शेकडो गावांनी एकत्र येऊन, खताचे भाव परवडेनासे झाले आहेत, ते उतरवावेत, अशी दाद सरकारकडे मागितली. निसर्गाविषयीच्या आदराचा भाव चढला म्हणून कोणी अर्ज करत नाही.

उलट ज्याला भाव नव्हता त्याचे काय झाले हेही पाहावे. लोक नको असलेली वस्तू कालव्यांत आणि मोकळ्या जागांत टाकत, म्हणून १६५५ साली सर्व कचरा नावांतून एइताइजिमा येथे नेऊन टाकण्याचा हुकूम काढावा लागला. कचराच नसलेल्या शहराला कचराभूमी कशाला हवी होती?

प्रतिसाद : रानजाई

दौतलेखणी यांनी पुरावा उत्तम मांडला आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. वस्तूला भाव होता म्हणून ती जपली गेली, हे खरे. परंतु ती पुनःपुन्हा वापरता यावी अशा बेताने मुळातच घडवली गेली होती, याचा उलगडा केवळ भावाने होत नाही.

किमोनोचेच पाहा. सुमारे ३६ सेंटीमीटर पन्ह्याचे आणि बारा मीटरच्या आतबाहेर लांबीचे एक ठाण घ्यायचे आणि ते सरळ रेषांत कापून आयताकृती तुकडे जोडायचे. गळ्याला किंवा काखेला गोलाई नाही, त्यामुळे कापड कातरून वाया जात नाही. मोठ्या धुण्याच्या वेळी सारी शिवण उसवून तुकडे पुन्हा लांबलचक पट्टीसारखे जोडत, धुऊन, खळ देऊन, ताणून वाळवत आणि मग फिरून शिवत. खांद्याशी विरलेला भाग त्या वेळी आतल्या बाजूला घेता येई. मोठ्याचा पोशाख पुढे मुलाचा होई, नंतर बाळाचे लंगोट, नंतर पुसणी, आणि शेवटी तो चुलीत गेला तरी राख विकत घेणारा दारावर येतच असे, कारण रंगाऱ्याला निळीच्या पिंपासाठी आणि शेतकऱ्याला खतासाठी राख लागे. उसवण्यासाठीच शिवायचे, ही कल्पना बाजाराने शिकवली असे म्हणणे मला जड जाते.

तिकडे ईशान्येकडच्या थंड प्रांतांत कापूस पिकत नसे. तेथे ओसाकाकडून जहाजाने जुने सुती कपडे येत आणि त्यांच्या चिंध्यांचा आडवा धागा करून साकिओरी नावाचे जाड वस्त्र विणले जाई. ज्यांच्या घरी आजीच्या नऊवारीची गोधडी आहे त्यांना यातील जिव्हाळा समजावून सांगण्याची गरज नाही. आपली बोहारीणही जुन्या साडीवर भांडे देताना व्यवहारच करत असे. म्हणून गोधडी हा केवळ व्यवहार ठरत नाही.

आणखी एक मुद्दा. मैल्याला भाव लंडनमध्येही होता आणि तेथूनही तो शेतांवर जात असे. तरीही १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटातील सभासदांना नाक धरून बसावे लागले. निव्वळ भावाने शहर स्वच्छ राहत असते, तर ही वेळ आली नसती.

प्रतिसाद : वैद्यवाडा

रानजाई यांनी १८५८ हे साल निवडले आहे म्हणून सांगतो. त्याच वर्षी एदोत पटकीची साथ आली आणि हजारो माणसे दगावली. रोग परदेशी जहाजांबरोबर नागासाकीत उतरला हे खरे, पण तो स्वच्छ म्हणून गाजवल्या जाणाऱ्या शहरात एवढ्या वेगाने पसरला हेही खरेच.

एदोच्या पाणीपुरवठ्याचे मात्र मला मनापासून कौतुक आहे. १६५३-५४ मध्ये खणलेला तामागावा कालवा ४३ किलोमीटर लांब होता, आणि एवढ्या अंतरात त्याला मिळालेला उतार अवघा ९२ मीटरांचा. पुढे शहरात जमिनीखालच्या लाकडी नळांतून ते पाणी खेळवलेले होते, त्यामुळे नागायांतील अनेक विहिरी या खरे तर नळाच्या पाण्याच्या टाक्या होत. मात्र याच विहिरीपासून चार पावलांवर संडास असे, ही गोष्ट गौरवलेखांतून वगळली जाते.

आहाराचेही तसेच. एदोचा माणूस पॉलिश केलेला पांढरा भात मिळतो म्हणून फुशारक्या मारत असे. त्या भाताने अनेकांचे पाय सुजत आणि बधिर होत. गावी परत गेले, भरड धान्य खाल्ले की बरे वाटे, म्हणून या आजाराला ‘एदोची व्याधी’ असेच नाव पडले होते. आज आपण त्याला बेरीबेरी म्हणतो. साधे राहणे आणि सकस खाणे यांचा संबंध लेखकांनी गृहीत धरू नये.

प्रतिसाद : शिवार

मला या चर्चेत एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याला आपल्याकडे सोनखत म्हणतात ते एदोत कोणी वाहिले? आसपासच्या गावांतील जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याने, स्वतःच्या खांद्यावरच्या कावडीने, घोड्याच्या पाठीवर लादून किंवा नावेत भरून, आणि वर त्यासाठी रोख पैसे, मुळे, वांगी देऊन. या कामामुळे तो कोणाला विटाळ ठरला नाही. आपल्या भाषेत त्या खताला सोन्याचे नाव मिळाले, पण ते उपसणाऱ्याला काय मिळाले हे येथे लिहिण्याची गरज नाही. म्हणून ‘तो केवळ व्यवहार होता’ असे दौतलेखणी म्हणतात तेव्हा मला त्यात हिणवण्यासारखे काही दिसत नाही. उलट मैला हाताळणे हा केवळ व्यवहार राहिला, हीच त्या समाजाची मोठी गोष्ट होती.

परंतु लगेच हुरळून जाऊ नये. वापराच्या याच साखळीतील दुसऱ्या कड्या जन्मावर बांधलेल्या होत्या. बैल किंवा घोडा मेला की त्यावरचा मालकाचा हक्क संपे. ते धूड आणि त्याचे कातडे ‘एता’ म्हणवल्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या वाट्याला जाई, आणि कोणत्या गावचे जनावर कोणी उचलायचे याच्या हद्दी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असत. पूर्वेकडील कान्तो प्रदेशात या समाजाचा प्रमुख दानझाएमोन या वंशपरंपरागत नावाने ओळखला जाई. एदोत घरोघर फिरून रद्दी विकत घेणारा सामान्य नागरिक असू शके, पण रस्त्यावरचे कपटे वेचणारा बहुधा ‘हिनिन’ दर्जाचा. ‘हिनिन’ या शब्दाचा अर्थच ‘माणूस नव्हे’ असा आहे. १८७१ च्या फर्मानाने हे दर्जे कायद्याने रद्द झाले. विवाह आणि नोकरीच्या वेळी वंशाची चौकशी पुढेही चालू राहिली. गौरवलेखांत ज्या पुनर्वापरित आसाकुसा कागदाचे वर्णन येते, त्याचा कच्चा माल कोणाच्या टोपलीतून आला हे एकदा तरी लिहिले जावे.

प्रतिसाद : रानजाई

शिवार यांचा मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्या मूळ प्रतिसादात यायला हवा होता. मात्र वैद्यवाडा यांना मी एवढेच म्हणेन, की कोणत्याही पूर्वआधुनिक शहराला आजच्या जंतुशास्त्राची फूटपट्टी लावली तर कोणतेच उत्तीर्ण होणार नाही.

माझा मुख्य दावा मर्यादेच्या जाणिवेचा आहे. सतराव्या शतकात किल्ले, मंदिरे आणि शहरे बांधताना जंगले भराभर तुटली. १६५७ च्या मेइरेकी आगीत निम्म्याहून अधिक एदो जळाले, बळींचा आकडा परंपरेने एक लाखापर्यंत सांगितला जातो, आणि शहर पुन्हा उभारायला लाकूडच लागणार होते. तरीही १६६६ साली सरकारने गवताची मुळे उपटण्यास बंदी घातली आणि नद्यांच्या वरच्या अंगाला उघड्या पडलेल्या टेकड्यांवर रोपे लावण्याचा आदेश दिला. कुऱ्हाडीला लगाम घालून जंगल पुन्हा वाढवणारे राज्य त्या शतकात फारसे सापडत नाही. देशाचे दरवाजे बहुतांशी बंद, त्यामुळे आहे त्यात भागवण्याचे शहाणपण अंगी आले, असे मी म्हणते.

प्रतिसाद : खाडीपलीकडे

‘आहे त्यात भागवले’ या वाक्यातील ‘आहे’ कोणाचे होते, हा माझा प्रश्न आहे.

ओसाका-क्योतोभोवतीच्या किनाई प्रदेशातील कापसाला शहरी मैला पुरत नव्हता. प्रथम एदोच्या पूर्वेकडील कुजुकुरी किनाऱ्यावरचे वाळवलेले सार्डिन मासे आले. ते अपुरे पडू लागल्यावर उत्तरेकडील एझो बेटावरून, म्हणजे आजच्या होक्काइदोवरून, हेरिंग मासे उकळून आणि दाबून केलेल्या पेंडीची जहाजे जपान समुद्रातून दक्षिणेकडे येऊ लागली. रानजाई यांनी ज्या जहाजांतून जुने कपडे उत्तरेला पाठवले, त्याच मार्गाने हे खत उलट येत होते. ती पेंड करणारे हात बहुतांशी आइनू लोकांचे, म्हणजे एझोच्या मूळ रहिवाशांचे, होते. एझोचा कारभार पाहणाऱ्या मात्सुमाए या जपानी सरदार घराण्याकडून मक्ता घेतलेले व्यापारी त्यांना मासेमारीच्या ठाण्यांवर जबरीने राबवत आणि मोबदल्यात देत ते पोट भरण्याइतकेही नसे.

१७८९ साली एझोजवळच्या कुनाशिरी बेटावर आणि समोरच्या मेनाशी किनाऱ्यावर आइनूंनी उठाव केला आणि ७१ जपानी मारले. त्याबद्दल ३७ आइनूंचा शिरच्छेद झाला. माशांच्या खताच्या ठाण्यांवरील छळ हे या उठावाचे एक प्रमुख कारण होते. याच सुमारास एदोभोवतीचे शेतकरी मैल्याच्या भावाबद्दल अर्ज लिहीत होते, हे दौतलेखणी यांनी वर सांगितलेच आहे. या दोन्ही घटना खताच्याच आहेत. फरक एवढाच, की एका टोकाला अर्ज करण्याची सोय होती.

मर्यादेच्या जाणिवेबद्दलही जाता जाता एक. १७२१ नंतर शंभराहून अधिक वर्षे जपानची लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास थबकली, याचे श्रेय काही लेखक समतोल जीवनाला देतात. त्या समतोलात तेम्मेइ आणि तेम्पो काळांतील (१७८० च्या आणि १८३० च्या दशकांतील) दुष्काळ येतात आणि ‘माबिकी’ही येते. माबिकी हा शब्द मुळात रोपांच्या विरळणीचा आहे. तो नवजात अर्भकांच्या बाबतीत वापरला जात असे.

प्रतिसाद : दौतलेखणी

खाडीपलीकडे यांच्या प्रतिसादानंतर माझी मूळ मांडणी मलाच तोकडी वाटू लागली आहे. मी भावाची गोष्ट केली, पण भाव ठरवताना ज्यांना विचारलेच जात नव्हते त्यांची नाही. शिवार यांच्या मुद्द्यावर मात्र माझे समाधान झालेले नाही. मैल्याच्या व्यवहारात विटाळ नव्हता हे मान्य, पण दोन्ही पक्ष खरोखर बरोबरीने बोलत असत काय?

प्रतिसाद : शिवार

निदान एका प्रसंगी तरी बोलले होते. कादंबरीकार ताकिझावा बाकिन हा सामुराई कुळातला आणि चिनी ग्रंथांचा व्यासंगी. १८३० च्या दशकातील त्याच्या रोजनिशीत एक नोंद आहे. त्याच्या घरचा मैला नेणाऱ्या शेतकऱ्याशी माणशी वर्षाला ५० वांगी असा करार होता. शेतकरी २५० वांगी घेऊन आला, कारण घरात मोठी माणसे पाच. बाकिनचे म्हणणे असे, की घरात दोन मुलेही आहेत, दोन मुले मिळून एक मोठा माणूस धरलाच पाहिजे, तेव्हा वांगी ३०० हवीत. शेतकरी म्हणाला, मुले हिशेबात येत नाहीत. दोघेही मागे हटेनात. शेवटी बाकिनने आणलेली वांगीही घेण्यास नकार दिला आणि हा सारा हिशेब रात्री रोजनिशीत लिहून ठेवला.