एकच भारूड तीन पद्धतींनी: मोठ्यांच्या अभिनय शिबिरात ही खिचडी कशाला?

गोदाकाठचा:
नांदेडात सध्या संध्याकाळी नोकरदार लोकांसाठी अभिनयाचं शिबिर चालू आहे, मी पण जायलोय. कोणी बँकेतलं, कोणी झेडपीतलं, दोन-तीन शिक्षक, एक मेडिकलवाला. सगळ्यांना एकच मजकूर दिलाय, नाथांचं विंचवाचं भारूड, आणि तेच दर आठवड्याला वेगळ्या पद्धतीनं करायचं. आधी स्तानिस्लावस्की, म्हणजे भूमिका आतून जगा म्हणणारा रशियन दिग्दर्शक, मग ब्रेख्त, म्हणजे भूमिकेपासून लांब राहून ती दाखवा म्हणणारा जर्मन नाटककार, मग शब्द बंद आणि नुसतं शरीर. मला हे पटत नाही. इथं निम्म्या लोकांचा वाक्यातला शेवटचा शब्द तोंडातच राहायलाय, उद्या शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात उभं केलं तर मागच्यांना काय कळणार? ऑफिस सुटल्यावर दीड-दोन तास मिळतात, त्यात एकच पद्धत धरा आणि ती मुरू द्या. परवा एका ताईंना सांगितलं, वेदना आणायला स्वतःचं जुनं दुःख आठवा. त्यांना आठवलं, त्या जी रडायला लागल्या ते थांबेनातच, कोणीतरी पाण्याची बाटली दिली, आणि भारूड राहिलं बाजूला. अहो, विंचवाच्या भारुडात लोक आधी हसले पाहिजेत ना राव!

विंगेतून:
दादा, तुमचा राग एका व्यायामावर आहे आणि झोडपायलात सगळ्या शिबिराला. भावनिक स्मृतीचा तो प्रकार स्तानिस्लावस्कीचा खरा, पण पुढं तो स्वतःच त्याच्यापासून सरकला आणि शारीरिक कृतीवर भर द्यायला लागला. १९३४ साली अमेरिकन नटी स्टेला अॅडलर त्याला पॅरिसला भेटली आणि न्यूयॉर्कला परत जाऊन तिनं हेच सांगितलं, की नाटकात दिलेली परिस्थिती महत्त्वाची, स्वतःच्या जखमा उकरणं नाही. तिच्याच नाटकमंडळीत अभिनय शिकवणाऱ्या ली स्ट्रासबर्गला ते काही पटलं नाही, तिथनं त्यांचं जे फाटलं ते फाटलंच. म्हणजे तुमच्या शिबिरातलं भांडण नव्वद वर्षं जुनं आहे. त्या ताईंना नुसतं विचारायचं होतं, विंचू पायाला चावला का हाताला, अंधार होता का, घरात कोण होतं, चपला कुठं होत्या. माणूस आपोआप पाय उचलून बघतो.

बालाघाटी:
मला एक कळत नाही, नाथ आपल्या पैठणचे, भारूड आपलं आणि ते कसं करायचं हे रशिया-जर्मनीला विचारायचं? गावातला भारुडकरी आधी विंचू चावल्यासारखा थयथयाट करतो, लोकं पोट धरून हसतात, आणि मग तोच गडी सरळ उभा राहून सांगतो की बाबांनो हा विंचू म्हणजे काम-क्रोध. भूमिकेत शिरला, बाहेर आला, परत शिरला. ब्रेख्त वेगळं काय सांगायलाय? लक्ष्मण देशपांडेंनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त एकट्यानं ५२ पात्रं उभी केली, त्यात कोणती पद्धत होती सांगा बरं.

विंगेतून:
भाऊ, उदाहरण तुमच्यावरच उलटलं. देशपांडे सर संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे, शिकण्या-शिकवण्यावर विश्वास नसलेला माणूस नव्हता तो. आणि आपलं-परकं म्हणाल तर ब्रेख्तनं १९३५ ला मॉस्कोत मेइ लानफांग या चिनी नटाचं काम बघितलं आणि त्यावर लिहिलं, म्हणजे तो पण दुसऱ्याकडनं घेतच होता की. दोन्ही सारखंच हे मात्र मान्य नाही. भारुडकरी बाहेर येतो तो सत्त्वगुणाचा उतारा द्यायला, त्याच्याकडं उत्तर तयार असतं. ब्रेख्तचा नट बाहेर येतो ते तुम्ही खुर्चीत बसून 'हे असंच का चालायचं' असं म्हणावं म्हणून. रीत जवळची असेल, हेतू नाही.

परभणीची सून:
मी गोदाकाठच्या दादांच्याच शिबिरात आहे, तिसऱ्या रांगेत बसते, नाव नाही सांगणार. दादांनी अर्धीच गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात ब्रेख्तच्या तालमीतला एक व्यायाम करून घेतला, आपलं पात्र तृतीयपुरुषात आणि भूतकाळात बोलायचं आणि रंगसूचना पण मोठ्यानं म्हणायच्या. त्याच ताई उभ्या राहिल्या, 'ती किंचाळली, पाय धरून खाली बसली आणि म्हणाली' असं म्हणत म्हणत बसल्या, आणि इतक्या कोरड्या चेहऱ्यानं की मेडिकलवाले काका हसता हसता खुर्चीवरनं घसरले. आवाज पण सगळ्यांना ऐकू गेला बरं का, कारण सांगायचंच होतं दुसऱ्याला. एकच पद्धत धरून बसलो असतो तर त्या ताई पहिल्या आठवड्यातच घरी बसल्या असत्या. चाळिशीच्या बाईला रोज संध्याकाळी घरातनं निघायला काय काय जुळवावं लागतं ते तुम्हाला नाही कळायचं.

गोदाकाठचा:
ताई, हसलो मी पण. पण त्यातनं माझंच म्हणणं सिद्ध व्हायलंय. त्यांना जे लागू पडलं तेच पहिल्या दिवशी द्यायचं होतं, रडवायचं कशाला? शिकवणाऱ्याला माणूस बघून औषध देता आलं पाहिजे, सगळ्या गोळ्या एकदम खायला घालून कोणती लागू पडली ते बघायचं हे बरोबर नाही.

बालाघाटी:
हे मात्र बराबर बोललात.

तालीममास्तर:
दोन्हीकडच्यांना एक विचारतो, हे शिबिर कशासाठी आहे ते ठरलंय का? राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं असेल तर गोदाकाठचे बरोबर आहेत, एक संहिता, एक दिग्दर्शक, एक रीत, आणि रोज अर्धा तास नुसतं खर्जातलं वाचन. पद्धतींची चव घ्यायला वेळच नसतो, तिथं प्रकाशयोजनेच्या तालमीलाच दमछाक होते. पण स्पर्धा नसेल, माणसाला स्वतःचं अंग आणि आवाज कळावा एवढंच असेल, तर तीन काय पाच पद्धती करा. आमच्याकडं घोळ होतो तो इथंच, फॉर्मवर लिहितात छंद शिबिर आणि शेवटच्या दिवशी आमदार बोलवून प्रयोग ठेवतात.

परभणीची सून:
मास्तर, प्रयोग आहेच. आमदारांचं अजून नक्की नाही. आणि गोदाकाठचे दादा, पहिल्या दिवशी काय द्यायचं ते आधी कसं कळणार हो? आम्ही सगळे तेव्हा हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभे होतो, तुम्ही तर दारापाशी.