पहिली इलेक्ट्रिक गिटार : 20,000 पैकी गिटारवर किती घालायचे?

मांजराकाठ, लातूर
सगळीकडे एकच सल्ला मिळायलाय : असतील तेवढे पैसे गिटारवर घाला, अँपचं (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीचं) नंतर बघू. मला हे पटत नाही. हातात 20,000 असतील तर गिटार 12,000 च्या पुढे जाऊ देऊ नका. 5,000 अँपला, 1,500 सेटअपला (गिटार वाजवण्याजोगी जुळवून घ्यायला), उरलेल्यात केबल, ट्यूनर आणि तारांचे दोन संच.

खोक्यातून निघालेली स्वस्त गिटार वाजवण्याजोगी नसते, ती तशी करून घ्यावी लागते. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून शेवटचा फ्रेट दाबा. सातव्या फ्रेटपाशी तारेखाली 0.2 ते 0.3 मिमी फट हवी. मग कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर मोजा : जाड तारेखाली 2 मिमी, बारीक तारेखाली 1.5 मिमीच्या आसपास. सगळ्यात जास्त घोळ नटमध्ये, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारांच्या खाचा असलेल्या पट्टीत, असतो. खाचा उथळ राहिल्या की पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर, पण साधा सी कॉर्ड बेसूर. शिकणाऱ्याला वाटतं आपली बोटंच चुकायलीत, आणि दोन महिन्यांत गिटार कपाटावर जाते. बारीक कानशीने खाचा खोल करून घेतल्या की हे संपतं. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार फ्रेटवर खणखणते आणि नट बदलावा लागतो.

दुधनेपल्याड, परभणी
सेटअपबद्दल दुमत नाही, पण वाटणी चुकीची आहे. वर-खाली झालेले फ्रेट आणि सुटणाऱ्या खुंट्या 1,500 च्या सेटअपने सुधरत नाहीत. फ्रेट समतल करणं हे वेगळं आणि महागडं काम आहे. त्यापेक्षा 17,000 गिटारलाच घाला. यामाहा पॅसिफिका 012, स्क्वायर, आयबानेझ जिओ, कोर्ट या नावांच्या गिटारींत जी बजेटमध्ये बसेल ती. पुढे विकायची वेळ आली तरी नावावर गिऱ्हाईक मिळतं. 5,000 च्या अँपमधला डिस्टॉर्शन (रॉकचा फाटका आवाज) कानाला टोचतो. उरलेल्या पैशात छोटा ऑडिओ इंटरफेस (गिटार फोनला जोडणारा डबा) घ्या आणि फोनवरचं अँपचं अॅप वापरा.

सेटअपला पान्यांचा संच, स्क्रू ड्रायव्हर आणि स्टीलची पट्टी एवढंच लागतं. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (दांडीच्या) आतली धातूची सळई, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. उजवीकडे फिरवला की नेक सरळ होते. सूर परत लावून मगच पुन्हा मोजायचं.

मांजराकाठ, लातूर
इंटरफेसला गिटारसाठीचं हाय-इंपीडन्स इनपुट, साधारण 1 मेगाओमचं, आहे का ते कोण तपासणार? नसेल तर आवाजातली धारच जाते. त्यात पोरं ब्लूटूथ हेडफोन लावतात. तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो आणि लय बसतच नाही. अँपला दोन बटणं फिरवली की रियाज सुरू. हेडफोनचं भोक असलेला 10 वॅटचा अँप भाड्याच्या खोलीत पुरतो. माझी वाटणी तीच.

हंबकर, संभाजीनगर
तुम्ही दोघं पैशांवरच अडकलात. आपल्या भागात आधी घरचं अर्थिंग बघा. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात तो भाग) अँपच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. अँपमध्ये बिघाड झाला आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसेल, तर तारांमध्ये करंट उतरू शकतो. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन कुणीही, कधीही तोडायची नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा, आणि इलेक्ट्रिशियनला एकदा टेस्टिंग करायला लावा.

आता आवाज. पिकअप म्हणजे तारेचं कंपन टिपणारा चुंबक-कॉइलचा भाग. एकाच कॉइलचा, म्हणजे सिंगल कॉइल, पिकअप विजेची 50 हर्ट्झची घुरघुर ओढून घेतो. स्वस्त इन्व्हर्टरवर ती आणखी कर्कश होते. हंबकर नावाच्या पिकअपमध्ये दोन कॉइल उलट जोडलेले असतात, म्हणून ती घुरघुर एकमेकांत कटते. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. रॉक-मेटल वाजवायचं असेल तर ब्रिजपाशी हंबकर हवाच. पॅसिफिका 012 मध्ये तो आहे, हा दुधनेपल्याड यांच्या बाजूचा खरा मुद्दा.

दुधनेपल्याड, परभणी
बरोबर, आणि पहिली गिटार फ्लॉइड रोझची (स्प्रिंगांवर तोललेल्या ब्रिजची) नको, कितीही देखणी दिसली तरी. एक तार तुटली की स्प्रिंगांचा तोल जातो आणि उरलेल्या पाचही बेसूर होतात. तार बदलायची तर नटवरचे क्लॅम्प सोडा, तारेचा मणी कापा, पुन्हा तोल साधा. शिकवायला शेजारी कुणी नसेल तर तिथेच गाडं अडतं. स्थिर किंवा साधा ब्रिज घ्या.

तारा 9-42 च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) निकेलच्या मागा. तालुक्याच्या दुकानात अकूस्टिकच्या ब्राँझ तारा हातात ठेवल्या तर घेऊ नका. पिकअप चुंबकावर चालतो, ब्राँझ त्याला फारशी कळत नाही, आवाज दुबळा येतो.

गोदाकाठ, नांदेड
20,000 मध्ये दोघांचंही जमतं, जुनी घ्या. देवगिरी एक्सप्रेसने मुंबई एका रात्रीत गाठता येते, पण जाण्याआधी विकणाऱ्याकडून प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट वाजवलेला व्हिडिओ मागवा. हातात आल्यावर ट्रस रॉडच्या टोकाचा पेच फिरतोय का बघा. आटे गेलेले असतील तर निम्म्या किमतीतही नको. केबल लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रू ड्रायव्हर टेकवा, टक् आवाज आला म्हणजे तो जिवंत आहे. व्हॉल्यूमचा नॉब खरखरला तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बहुतेकदा भागतं.

मांजराकाठ, लातूर
जुनी नवशिक्याने एकट्याने घेऊ नये, सोबत वाजवणारा माणूस हवा. आणि नवी असो की जुनी, आपल्याकडचं हवामान धरून चाला. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आकसतो, फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला टोचतात, नेक सरळ होऊन तारा खणखणतात. पावसाळ्यात नेक पुढे वाकते, तारा उंच होतात. म्हणून सेटअप वर्षातून दोनदा, मे आणि ऑगस्टमध्ये. कूलरच्या झोतात गिटार उभी ठेवू नका. दिवसा कोरडी, रात्री ओली हवा लागून तारा गंजतात.